नर्सिंगची पदवी हाती येत आहे. पहिली नोकरी कोठे धरावी?

वाळवंटी_काठ (डिचोली)

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील असून गोव्यातच बी. एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या सत्रात आहे. निकाल लागून राज्य नर्सिंग परिषदेची नोंदणी झाली की नोकरी धरावीच लागेल, कारण शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर आहे; पण कोणती नोकरी धरावी याबाबत घरात एकमत होत नाही. वडिलांचे म्हणणे असे की सरकारी भरती निघेपर्यंत गावाजवळच्या नर्सिंग होममध्ये काम करावे, म्हणजे ये-जा सोपी होईल आणि परीक्षेचा अभ्यासही होईल. पणजी परिसरातील एका मोठ्या खाजगी रुग्णालयाने मला आयसीयूसाठी बोलावले आहे, मात्र दोन वर्षांचा बाँड लिहून द्यायचा आणि मूळ प्रमाणपत्रे त्यांच्याकडे ठेवायची अशी त्यांची अट आहे. वर्गातील बऱ्याच मुली जर्मन भाषेच्या शिकवणीला जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे तोही विचार मनात येतो. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सांगावे की पहिल्या नोकरीत नेमके काय पाहावे आणि कोणती कागदपत्रे आतापासून तयार ठेवावीत.

निवृत्त_इन्चार्ज (फोंडा)

ताई, तुमच्या घरातील वाद पगार आणि अंतर यांभोवती फिरत आहे असे वाटते. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांसाठी एकच कसोटी लावावी: त्या वॉर्डात तुमच्या हाताला कोणते काम मिळणार आहे, आणि ते केल्याचे पुढे कोणी लेखी सांगू शकेल का. महाविद्यालयात तुम्ही प्रत्येक विभागात काही आठवडे फिरता. पण गंभीर रुग्णाचा श्वास, नाडी आणि लघवीचे प्रमाण पाहून डॉक्टरांना वेळेत बोलावण्याची नजर एकाच विभागात सलग राहिल्यावरच येते. आयसीयू, अपघात विभाग, डायलिसिस, प्रसूतिकक्ष, नवजात अतिदक्षता यांपैकी कोठेही ती येऊ शकते, मात्र जुन्या सिस्टर नवीन मुलीला बाजूला घेऊन शिकवतात असे ठिकाण हवे. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी हे विचारा की पहिले किती आठवडे तुम्हाला स्वतंत्र रुग्ण देणार नाहीत, आणि रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरील किती रुग्ण एका नर्सकडे असतात. अशा रुग्णामागे एक नर्स हे सर्वमान्य प्रमाण आहे. तेथे एका नर्सकडे तीन रुग्ण देत असतील तर त्या ठिकाणी शिकणे होत नाही, फक्त धावपळ होते.

मूळ प्रमाणपत्रांबाबत मात्र माझे मत ठाम आहे. ती कोणाच्याही कपाटात ठेवू नका. पडताळणीसाठी दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद घरी आणावेत. नोकरी देणाऱ्याला ती अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही, आणि नर्सेसना बाँडमध्ये बांधून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध भारतीय नर्सिंग परिषदेनेही भूमिका घेतलेली आहे. प्रत्यक्षात रुग्णालये ही अट घालतात, कारण नवीन मुली शिकून सहा महिन्यांत निघून जातात हे त्यांचे दुखणे खरे आहे. पण त्यावर एक-दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना हा उपाय पुरेसा आहे.

वेतनाबद्दल एक संदर्भ हाताशी असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी नर्सेसच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. त्यांनुसार ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात ते राज्य सरकारी नर्सच्या बरोबरीने असावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्याने हे आकडे सर्वत्र पाळले जात नाहीत, पण वाटाघाटीच्या वेळी आपली मागणी अवास्तव नाही हे ठाऊक असलेले बरे.

आयसीयू_ब्रदर (मडगाव)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. सरकारी भरतीविषयी थोडे जोडतो. 'भरती निघेपर्यंत थांबणे' ही योजना नव्हे, कारण जाहिरात केव्हा निघेल हे कोणाच्याच हातात नसते. गोमेकॉ (बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, मडगावचे जिल्हा रुग्णालय, मनोरुग्णालय, ईएसआय या सर्वांच्या जागा वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या मार्गांनी निघतात, काही नियमित तर काही कंत्राटी. म्हणून नोकरी करत असतानाच कागद तयार ठेवणे हाच शहाणपणा. रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणी आणि मामलेदार कार्यालयातून मिळणारा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला या दोन गोष्टी आताच मार्गी लावा, कारण जाहिरात आल्यावर त्या खिडकीसमोर सर्वांचीच एकदम रांग लागते. कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट अशी ओळ गोव्याच्या जाहिरातींत ठरलेली असते. डिचोलीत वाढलेल्या मुलीला बोलण्याची अडचण नसते, पण मराठी माध्यमात शिकलेल्यांनी कोकणी लिहिण्याचाही थोडा सराव ठेवावा.

गोव्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर एम्सची नॉरसेट ही सामाईक परीक्षा पाहा. पूर्व आणि मुख्य असे तिचे दोन टप्पे असतात. बी. एस्सी. झालेल्यांना परिषदेची नोंदणी पुरेशी असते. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. पद नर्सिंग ऑफिसरचे आणि वेतन सातव्या स्तराचे, म्हणजे मूळ वेतनच ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. यात ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, त्यामुळे माझ्यासारख्या पुरुषांना उरलेल्या २० टक्क्यांतच झुंजावे लागते आणि सैनिकी नर्सिंग सेवेचे दार तर आम्हांला बंदच आहे. तुमच्यासाठी ती दोन्ही दारे उघडी असताना केवळ गोव्यातील एका जाहिरातीची वाट पाहणे मला पटत नाही. (आम्हां ब्रदर मंडळींना डायलिसिस आणि हृदयरोगाच्या कॅथलॅबमध्ये बरी मागणी असते, हे कोणी पुरुष विद्यार्थी हा धागा वाचत असेल तर त्याच्यासाठी.)

पेडणे_ते_कोलोन

जर्मनीबद्दल लिहिते, कारण शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. येथे आल्यावर लगेच पूर्ण नर्स म्हणून काम करता येत नाही. आपल्या पदवीची तुलना येथील प्रशिक्षणाशी केली जाते, जो फरक निघेल तो भरून काढण्यासाठी प्रशिक्षणकाळ किंवा ज्ञानचाचणी पूर्ण करावी लागते, आणि तोपर्यंत सहायक म्हणून, कमी वेतनावर काम करावे लागते. मान्यतेसाठी साधारणपणे बी२ पातळीची जर्मन लागते. पुष्कळ जणी त्याखालच्या बी१ वर येतात आणि पुढची पातळी येथे नोकरी सांभाळून गाठतात, जे बरेच दमवणारे असते. शिवाय येथे रुग्णाला आंघोळ घालणे, जेवू घालणे हे सर्व नर्सच करते. गोव्यात ही कामे अटेंडंट आणि नातेवाईक करतात, त्यामुळे आयसीयूत तयार झालेल्या मुलीला येथील पहिले काही महिने अपमानास्पद वाटू शकतात. ज्यांना वृद्धांची सेवा मनापासून आवडते त्या टिकतात आणि पुढे चांगल्या स्थिरावतात.

एजंटाला लाखो रुपये देऊ नका. भारतीय कायद्याने नोंदणीकृत भरती एजंटाचे सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच मर्यादित केले आहे, आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. आखाती देशांचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या की नर्सेसना, पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट नसली तरी, ई-मायग्रेटमधूनच परवानगी घ्यावी लागते. 'व्हिजिट व्हिसावर या, मग बघू' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तेथे डेटाफ्लो नावाची पडताळणी असते. त्यात तुमच्या महाविद्यालयाला, परिषदेला आणि जुन्या नोकरीच्या ठिकाणाला थेट विचारणा होते. तुमचे नर्सिंग होम तोपर्यंत बंद पडले किंवा त्यांनी पत्राला उत्तरच दिले नाही, तर तो अनुभव नसल्यातच जमा होतो.

वाळवंटी_काठ (डिचोली)

सर्वांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. रुग्णालयाच्या वसतिगृहात जागा मिळेल की नाही हे निश्चित नाही, आणि रात्रीची पाळी आठला सुरू होत असल्याने कदंबच्या बसवर अवलंबून राहावे लागेल. दुसरे म्हणजे माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनावाचे स्पेलिंग एक आहे आणि आधार कार्डावर दुसरे. याने पुढे अडचण येते का?

उपकेंद्र_सिस्टर (सत्तरी)

लहान ठिकाणांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहीत आहे. गावच्या नर्सिंग होममध्ये व्हेंटिलेटर नसतो हे खरे, पण प्रसूती, लहान मुलांचा ताप, सर्पदंश, शस्त्रक्रियेची तयारी आणि नातेवाइकांशी बोलणे हे सर्व एकाच पाळीत वाट्याला येते, आणि रुग्ण कधी बांबोळीला हलवायचा हे ओळखण्याची सवय तेथे पक्की होते. ज्यांचा कल सार्वजनिक आरोग्याकडे आहे, म्हणजे पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचे आहे, त्यांना हा अनुभव निरुपयोगी मुळीच नाही. मात्र नोंदणी नसलेल्या मुलींना गणवेश घालून 'सिस्टर' म्हणून उभे करणारे ठिकाण असेल तर ते टाळा. तेथे एखादे औषध चुकले तर सही नोंदणीकृत नर्सची, म्हणजे तुमचीच असते.

निवृत्त_इन्चार्ज (फोंडा)

सत्तरीच्या सिस्टरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण या ताईंचा कल परदेश आणि केंद्रीय परीक्षा यांकडेही दिसतो, म्हणून त्यांच्यासाठी मी आयसीयूलाच पसंती देईन. त्यातूनच पुढे क्रिटिकल केअरचा एका वर्षाचा पदविका अभ्यासक्रम किंवा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम करता येतो, आणि वॉर्ड बदलण्याची वेळ आली तरी आयसीयूतून आलेल्या नर्सला कोणीही नाही म्हणत नाही.

नावाचा प्रश्न किरकोळ समजू नका. गोव्यात एकाच आडनावाची तीन स्पेलिंग्ज असतात आणि लग्नानंतर त्यात आणखी भर पडते. दहावी, पदवी, परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव एकसारखे हवे. परिषदेकडे अर्ज करण्यापूर्वीच आधार कार्डात दहावीप्रमाणे दुरुस्ती करून घ्या, कारण परिषदेच्या नोंदीत चूक शिरली की राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतील तुमच्या क्रमांकापर्यंत ती तशीच जाते आणि मग प्रत्येक पडताळणीत प्रतिज्ञापत्रे जोडत बसावे लागते.

रुग्णालयाला एक पत्र लिहा आणि त्यात तीन गोष्टी मागा: मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर त्याच दिवशी परत मिळावीत, बाँडऐवजी पूर्वसूचनेचा कालावधी नेमणूकपत्रात लिहावा, आणि रात्रपाळीसाठी वसतिगृह किंवा वाहन द्यावे. वाहनाची गोष्ट मागण्यास संकोच करू नका. रात्री आठच्या पाळीसाठी डिचोलीहून संध्याकाळी निघणाऱ्या मुलीची जबाबदारी त्यांच्यावरही आहे. पहिल्या मागणीला त्यांनी नकार दिला तर बाकीच्या दोन मान्य झाल्या तरी तेथे जाऊ नका. पणजीच्या पट्ट्यात आणि मडगावकडेही आयसीयू असलेली इतर खाजगी रुग्णालये आहेत, आणि नोंदणीकृत बी. एस्सी. नर्स त्यांनाही हवीच असते. रुजू झाल्यावर अनुभवाचा दाखला कसा देतात तेही पाहून ठेवा: त्यावर विभागाचे नाव, रुग्णालयाच्या खाटांची संख्या, पूर्णवेळ काम आणि नेमक्या तारखा असल्या पाहिजेत. 'समाधानकारक काम केले' एवढीच ओळ लिहिलेला कागद पुढे कोठेही चालत नाही.

वाळवंटी_काठ (डिचोली)

आधारच्या दुरुस्तीसाठी सोमवारी जाते आणि पत्राचा मसुदा येथेच टाकते. त्यातील पूर्वसूचनेचा कालावधी एक महिना लिहावा की दोन, हे कृपया सांगावे.

आयसीयू_ब्रदर (मडगाव)

एक महिना लिहा. ते तीन मागतील आणि बोलणी दोनवर येऊन थांबतील. दोनपेक्षा अधिक मान्य करू नका, कारण सरकारी नेमणुकीचे पत्र आल्यावर रुजू होण्यासाठी फार दिवस देत नाहीत.