उन्हाळ्यात कोर्स दहा आठवडे बंद: आधी कशाला हात घालू?

नवा_ग्रीनकीपर
नमस्कार मंडळी. आमचा १८ होलचा गोल्फ कोर्स या उन्हाळ्यात दहा आठवडे पूर्ण बंद राहणार आहे आणि देखभालीची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. ग्रीन्सवर (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) जुनं टिफड्वार्फ आहे, फेअरवेवर (ग्रीनपर्यंत नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा) टिफवे ४१९; दोन्ही बर्म्युडा गवताच्या जाती. ग्रीन्स जुन्या पद्धतीच्या, म्हणजे तिथलीच माती ओढून केलेला उंचवटा आणि त्यावर वर्षानुवर्षं पडलेली वाळू. एकेक ग्रीन साधारण ५०० चौरस मीटरची. सहा ग्रीन्सवर पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशीही बूट रुततो. बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) उतारावरची वाळू प्रत्येक जोरदार सरीत खाली येते. स्प्रिंकलर जुने, काही ठिकाणी गवत पिवळं आणि दहा पावलांवर चिखल.

समितीची यादी अशी: बंकरमध्ये नवी पांढरीशुभ्र वाळू, टी (पहिला फटका मारायच्या जागा) मोठ्या करणे, सगळ्या ग्रीन्सवर नव्या जातीचं गवत. माणसं नेहमीचीच, पैसा बेताचा. सगळं होणार नाही हे दिसतंय. आधी काय करावं आणि काय सरळ सोडून द्यावं?

सात_नंबर_आयर्न
मी फक्त खेळणारा, त्यामुळे वाचतोय. एक विनंती मात्र करतो: सराव ग्रीन उघडी ठेवता आली तर ठेवा. दहा आठवडे काहीच नाही म्हटल्यावर सभासद कुंपणाबाहेरून काम बघत बसतात आणि मग प्रत्येक जण तज्ज्ञ होतो.

वापसा
सराव ग्रीन शेवटी घ्या, मग आयर्नसाहेबांचीही सोय होईल.

आता मूळ प्रश्न. दहा आठवडे म्हणजे कामाला दहा आठवडे मिळत नाहीत. कोर्स उघडायच्या तारखेपासून मागे मोजत या. शेवटचे तीन आठवडे कुठल्याही ग्रीनमध्ये काही घुसवायचं नाही. फक्त कापणी, रोलर आणि वाळूचा हलका हात. राहिले सात. जमीन फोडण्याची कामं (चर, पाइप, खोल एअरेशन म्हणजे ग्रीनला भोकं पाडून हवा खेळवणं) पहिल्या चार आठवड्यांत उरकली पाहिजेत, म्हणजे गवताला भरून यायला वेळ मिळेल. तुमचं गवत बर्म्युडा आहे म्हणून हे उन्हाळ्यात जमतं. हवा २७ ते ३५ अंशांत असली की ते झपाट्याने पसरतं, जखम बुजवतं. हेच बेंटग्रास (थंड हवेचं गवत) असतं तर मी म्हटलं असतं की भर उन्हाळ्यात टाइन (भोकं पाडणाऱ्या सळ्या) लावूच नका. त्याची मुळं त्या दिवसांत आधीच आखडलेली असतात. त्यामुळे कुठल्याही कोर्सचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलण्याआधी तिथलं गवत कोणतं ते विचारा.

यादी करण्याआधी एक काम करा. त्या सहा ओल्या ग्रीन्सपैकी दोन आणि एक चांगली ग्रीन निवडा. प्रत्येकीच्या सखल भागात धारदार फावड्याने वीतभर खोल, वडीच्या आकाराचा तुकडा सरळ उभा कापून काढा आणि कडेने बघा. वर तपकिरी स्पंजासारखा थर किती जाड आहे, मुळं कुठे थांबतात, वाळूचे वेगवेगळे पट्टे दिसतात का, आणि कुठे काळा पट्टा आहे का. काळ्या पट्ट्याला सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे हवा पोचत नाही, हे नक्की. फोटो इथे टाका. मग बोलू.

बोगीबहाद्दर
वापसा यांच्याशी सहमत, पण समिती गवत बदला म्हणतेय तर तेही ऐका की. टिफड्वार्फ १९६५ सालची जात. आता टिफईगल, मिनीव्हर्डे, चॅम्पियन अशा अल्ट्राड्वार्फ (अतिखुज्या) जाती आहेत, त्या खूपच खाली कापता येतात आणि चेंडू झकास पळतो. कोर्स बंद आहेच, तर एकदाच होऊन जाऊ दे.

वापसा
बोगीबहाद्दर, गणित मांडून बघा. जुनं बर्म्युडा मारायला तणनाशकाच्या दोनतीन फवारण्या लागतात आणि प्रत्येक फवारणीनंतर उरलेले कोंब वर यायची वाट बघावी लागते. हरळी शेतातून किती चिवटपणे परत येते हे ज्याने भांगलण केलीय त्याला विचारा. बर्म्युडा म्हणजे तीच. अर्धवट मारलेलं जुनं गवत नव्यात डोकं काढतं आणि वर्षादोनवर्षांत ग्रीनवर ठिपके दिसू लागतात. त्यानंतर नव्या गवताच्या काड्या लावून ग्रीन खेळण्याजोगी व्हायला, हवामानाने साथ दिली तरी, अडीच-तीन महिने धरा. दहा आठवड्यांत हे बसतच नाही.

शिवाय अल्ट्राड्वार्फ दाट वाढतं, त्यामुळे थॅचही (मातीवरचा मेलेल्या काड्यामुळांचा थर) पटापट साचतं. सतत व्हर्टिकट (उभ्या पात्यांनी गवत चिरणं), सतत वाळू. नेहमीचीच माणसं आहेत म्हणताय, तर तो संसार झेपेल का? आणि पाणी तुंबणाऱ्या ग्रीनवर नवं गवत लावलं तर तुंबणारी नवी ग्रीन मिळेल, एवढंच.

मृदगंधा
अगदी हेच लिहायला आले होते. निचऱ्याबद्दल थोडी भर.

यूएसजीएने (अमेरिकेची गोल्फ संघटना) ग्रीन बांधायची शिफारस १९६० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली. त्यात वरचा ३० सेंमी वाळूप्रधान थर, खाली १० सेंमी खडी, त्याखाली चरांमध्ये पाइप. बारीक थराखाली एकदम जाड खडी आली की पाणी त्या सीमेवर थोडा वेळ अडतं आणि वरच्या वाळूत ओल टिकते. ठरावीक मर्यादेपलीकडे साचलं की खाली सुटतं. हे तिथे मुद्दाम केलेलं असतं आणि खोलीही मोजून ठरवलेली असते. तुमच्या ग्रीन्समध्ये तेच नकळत, पृष्ठभागापासून चारपाच सेंमीवर झालेलं असू शकतं. दरवर्षी वेगळ्या जाडीची वाळू पडली की प्रत्येक सीमेवर पाणी अडखळतं आणि मुळं तिथेच थबकतात.

म्हणून टॉपड्रेसिंगची (ग्रीनवर वरून पसरायची) वाळू एकदा ठरवली की बदलायची नाही. प्रयोगशाळेत चाळणी लावून घ्या. किमान ६०% कण ०.२५ ते १ मिमी या टप्प्यात हवेत आणि भुकटी अगदी नगण्य. दगड फोडून केलेल्या वाळूत भुकटी फार असते, नीट धुतलेली नसेल तर घेऊ नका. समुद्रकाठची असेल तर क्षार तपासा. आणि समितीची पांढरी वाळू बंकरसाठी कितीही सुंदर असली तरी उरलेला ढीग ग्रीनवर पसरू देऊ नका. बंकरला टोकदार कणांची वाळू बरी, ती उतारावर धरून राहते आणि चेंडू तिच्यात रुतून बसत नाही. ग्रीनची गरज निराळी.

पाटकरी
स्प्रिंकलरवर कुणी बोललं नाही म्हणून मी. एकाच ठिकाणी पिवळं आणि चिखल म्हणजे पाणी कमी पडतंय असं नसतं, ते सारखं पडत नाहीये. नवीन यंत्रणेचा खर्च काढण्याआधी डब्यांची चाचणी करा. एकाच मापाचे पंचवीसेक डबे ग्रीनवर सारख्या अंतराने मांडा, वारा नसताना पहाटे १५ मिनिटं पाणी सोडा, प्रत्येक डब्यातलं पाणी मोजा. सगळ्यात कमी भरलेल्या पाव डब्यांची सरासरी काढा आणि तिला एकूण सरासरीने भागा. समजा एकूण सरासरी १० मिमी आणि तळच्या पाव भागाची ५ मिमी, तर आकडा ५०%. म्हणजे तो कोरडा कोपरा जगवायला तुम्ही बाकीच्या ग्रीनवर दुप्पट पाणी ओतताय. सत्तरच्या वर असाल तर मी दुसरीकडे लक्ष देईन.

बऱ्याचदा दुरुस्ती क्षुल्लक असते. वाळू चढत गेल्याने स्प्रिंकलरचं डोकं जमिनीखाली गेलेलं असतं किंवा बग्गीच्या धक्क्याने कललेलं असतं. नोझल झिजलेलं असतं, नाहीतर कुणीतरी हाताला लागलं ते दुसऱ्याच मापाचं बसवलेलं असतं. डोकी सरळ करा, नोझल एकसारखी लावा, दाब मोजा, चाचणी पुन्हा करा. हे सगळं चर खणायच्या आधी, आणि खणताना जुन्या पाइपांवर खुणेचे झेंडे लावून ठेवा. नाहीतर निचऱ्यासाठी लावलेलं यंत्र पहिल्याच दिवशी मुख्य लाइन फोडतं.

नवा_ग्रीनकीपर
सगळ्यांचे मनापासून आभार. तुकडे काढून पाहिले. चांगल्या ग्रीनमध्ये मुळं १२ सेंमीपर्यंत आहेत. ओल्या दोन्हींमध्ये वरचा थॅच अडीच सेंमी, मग वाळूचे तीन पट्टे स्पष्ट वेगळे, आणि सातव्या सेंमीवर काळा थर. वास अगदी तुम्ही म्हणता तसा. मुळं काळ्या थराच्या वरच आडवी पसरलेली.

आणखी एक गंमत. जुन्या माळीकाकांना विचारलं तर म्हणाले, या ग्रीन्सखाली कधीकाळी पाइप टाकलेत. रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) उताराच्या टोकाला खणत गेलो तर दोन ग्रीन्सच्या पाइपांची तोंडं सापडली, हातभर मातीखाली गाडलेली, आत झाडाच्या मुळांचा अख्खा बोळा. तो ओढून काढल्यावर काळं पाणी बराच वेळ वाहत होतं. आता त्या दोन ग्रीन्स नुसत्या एअरेशनवर सुटतील का? बाकी चारांखाली काहीच नाही.

वापसा
माळीकाकांना आधी चहा पाजा. नकाशे हरवतात, अशी माणसं लक्षात ठेवतात.

त्या दोघींची तोंडं दगडांनी बांधून काढा, जाळी लावा आणि जागा नकाशावर टिपून ठेवा. एक मोठा पाऊस, नाहीतर स्प्रिंकलर मुद्दाम तासभर सोडून बघा. सुटल्या तर तिथे पाइपकाम नको.

बाकी चार ग्रीन्स पूर्ण उखडू नका. वरचं गवत पट्ट्यापट्ट्याने लादीसारखं उचला, साधारण दोन-दोन मीटरवर हातभर खोल अरुंद चर घ्या, त्यात छोटा सच्छिद्र पाइप टाका, ठरवलेल्या प्रतीची वाळू-मिश्रण भरून चोपा आणि गवत परत बसवा. चोपण्यात कसूर नको, नाहीतर पुढे चरांच्या रेषा खड्ड्यासारख्या उमटतात आणि पट करताना (चेंडू भोकाकडे हलकेच ढकलताना) चेंडू उडतो. निघालेली माती ग्रीनवर ठेवूच नका, खाली प्लायवूड अंथरून थेट ट्रॉलीत टाका. पाणी शेवटी कुठे जाणार हे पहिला चर घेण्याआधी नक्की करा. जमीन ओली असेल तर यंत्र घालू नका. वापसा येऊ द्या (ओल उतरून जमीन कामाजोगी होऊ द्या), दोन दिवस गेले तरी चालतील. (टोपणनाव उगाच घेतलेलं नाही.)

मग एअरेशन, सगळ्या अठरांवर. १६ मिमीच्या पोकळ टाइन ५ सेंमी अंतराने मारल्या की एका फेरीत पृष्ठभागाचा ८% भाग निघतो. १२ मिमीच्या घेतल्या तर जेमतेम साडेचार. लोक दोन्हीला ‘एअरेशन केलं’च म्हणतात. तुमचा थॅच पाहता १६च्या दोन फेऱ्या हव्यात, मध्ये तीन आठवडे सोडून. काळ्या थराच्या ग्रीन्सवर टाइन त्या थराच्या पार गेलीच पाहिजे, वरच्यावर पाच सेंमी टोचून उपयोग नाही. निघालेले प्लग (मातीच्या कांड्या) गोळा करून बाहेर टाका, परत चुरू नका.

वाळूचा हिशेब आत्ताच करा. १६ मिमीचं भोक साडेसात सेंमी खोल धरलं तर चौरस मीटरला ६ लिटर, म्हणजे एका ग्रीनला ३ घनमीटर. अठरांना ५४, नुसती भोकं भरायला. दोन फेऱ्यांना दुप्पट. वाळू कोरडी असताना ओता, ब्रशने आत लोटा, भोक काठोकाठ भरल्यावरच पाणी. ओली वाळू तोंडाशी अडकते आणि खाली पोकळी राहते. फेरीच्या आठवडाभर आधी थोडं नत्र द्या, नंतर पुन्हा द्या.

मृदगंधा
एक राहिलं. टी आणि ग्रीन्सजवळच्या झाडांची सावली आत्ता पाहून ठरवू नका. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, सावली आखूड पडते आणि सगळं छान दिसतं. हिवाळ्यात तीच ग्रीन अर्धा दिवस अंधारात जाते. टिफड्वार्फला आठेक तास थेट ऊन हवं. हिवाळ्यातले फोटो असतील तर ते बघून फांद्या छाटा. आणि त्या पाइपांत शिरलेली मुळं ज्या झाडांची, त्यांच्या बाजूने खोल चर घेऊन मुळं तोडा, नाहीतर बोळा परत होणार.

सात_नंबर_आयर्न
बंकरचं काय मग? समितीला काहीतरी डोळ्यांना दिसणारं द्यावं लागेल.

पाटकरी
मग सगळे नका घेऊ, सगळ्यात वाईट चारपाच घ्या आणि नीट करा. वाळू वाहते ती बहुतेक वेळा बाहेरून आत शिरणाऱ्या पाण्यामुळे. बंकरच्या वरच्या अंगाला उथळ नाली काढून पाणी बाजूला वळवा, मग आतला पाइप साफ करा, मग वाळू. तळाला १० ते १५ सेंमी, उतारावर ५ ते ८. उतार फार उभा असेल तर तो कमी करा, तिथे कुठलीच वाळू ठरत नाही. आणि समितीला सांगा, अमेरिकेतला प्रसिद्ध कोर्स ऑगस्टा नॅशनलसुद्धा उन्हाळाभर बंद असतं. हे ऐकलं की सगळे गप्प होतात.

नवा_ग्रीनकीपर
ठरलं. चार ग्रीन्सना पाइप, अठरांना दोन फेऱ्या, स्प्रिंकलरची डोकी, पाच बंकर. टी आणि नवं गवत या वर्षी नाही, समितीशी उद्या भांडतो. जाता जाता एकच, उघडताना कापणी किती मिमीवर?

वापसा
फेऱ्या चालू असताना ६ मिमीच्या आसपास ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत थोडंथोडं उतरवत साडेचारवर या. एका कापणीत पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधीच कापू नका. तीन मिमीचा आग्रह कुणी धरला तरी टिफड्वार्फ तिथे फार दिवस तग धरत नाही. वेग हवा असेल तर रोलर फिरवा. वाळू टाकल्यानंतरच्या पहिल्या कापण्या जुन्या मशीनने करा, वाळूने पाती बोथट होतात. चांगल्या मशीनला त्यानंतरच धार लावा आणि पूर्ण रुंदीभर कागद कापून बघा. एका टोकाला कापतंय आणि दुसऱ्या टोकाला चुरगळतंय, तर बेडनाइफ (मशीनचं खालचं स्थिर पातं) परत जुळवा.