कापून ठेवलेला माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. फोटोशॉप नक्की कुठून शिकू?

रेघोटी
नमस्कार. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. या सत्रात पोस्टर करायचंय: स्वतः काढलेल्या फोटोतला माणूस वेगळा करून दुसऱ्या दृश्यात बसवायचा. मी मैत्रिणीचा फोटो घेतलाय, खिडकीपाशी उभी, केस मोकळे. तिला संध्याकाळच्या रस्त्यावर आणायचंय.

व्हिडिओ लावून त्यातल्याच फोटोवर केलं की सगळं जमतं. माझा फोटो उघडला की कुठलं टूल घ्यावं तेच सुचत नाही. 'सिलेक्ट सब्जेक्ट'ने अंग छान निघालं, पण केसांभोवती फिकट कड राहिली आणि रस्त्यावर ठेवल्यावर ती कात्रण चिकटवल्यासारखी दिसते. वर्गातले म्हणतात आधी शॉर्टकट पाठ कर. शिवाय फोटोशॉप फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. घरी गिम्पवर (फोटोशॉपसारखंच, पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) सराव केला तर सगळं दोनदा शिकावं लागेल का?

कडेची_रेष
शॉर्टकट पाठ करू नकोस, वापरता वापरता बोटांत बसतात. मी बरीच वर्षं मासिकं आणि कॅटलॉगसाठी रीटचिंग करते आणि रोजच्या कामातला मोठा भाग तीनच गोष्टींवर चालतो: सिलेक्शन (हवा तो भाग निवडणं), लेयर (एकावर एक ठेवलेले थर), मास्क (थराचा भाग लपवणारा पडदा). फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची, तिच्यात लेयर नव्हते. ते १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी एक चित्र दुसऱ्यावर ठेवून सिलेक्शन सोडलं की दोन्ही एकजीव, मग हलवायची सोय नाही. तुला ती सोय पहिल्या दिवसापासून आहे, तिचा पुरेपूर फायदा घे.

इरेझरला हात लावू नकोस. मास्कवर काळं रंगवलं की लेयरचा तेवढा भाग लपतो, पांढरं रंगवलं की परत दिसतो, करडं असेल तर अर्धवट. काहीच नष्ट होत नाही, म्हणून हात घाबरत नाही. नवशिक्याला याहून मोठी मदत नाही, असं मला मनापासून वाटतं. रंग-उजेडाचंही तसंच: इमेज मेनूतून थेट बदलू नकोस, बदल वेगळ्या थरावर ठेवणारा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घे. ८ बिटच्या फोटोत प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) २५६ छटा असतात. थेट फोटोवरच पुन्हा पुन्हा ओढाताण केलीस तर छटा गळतात आणि हिस्टोग्राममध्ये (छटांच्या आलेखात) कंगव्याच्या दातांसारख्या फटी दिसू लागतात.

आता तुझी फिकट कड. केसांच्या टोकांशी एकेका पिक्सेलमध्ये केस आणि खिडकीचा उजेड मिसळलेला असतो. तो उजेडच तू सोबत घेऊन आलीस. 'सिलेक्ट अँड मास्क'मध्ये रिफाइन एज ब्रश फक्त केसांच्या कडेवर फिरव, खांद्यावर नाही. तरी कड उरली तर तिच्या लेयरवर नवा लेयर घेऊन क्लिपिंग मास्क कर (म्हणजे तो फक्त तिच्यापुरताच दिसेल), मोड 'डार्कन', केसांचाच रंग उचल आणि मऊ ब्रशने कमी ओपॅसिटीवर कडेकडेने हलकं रंगव.

पण चिकटवल्याचा भास मुख्यतः कडेमुळे होत नाही, उजेडामुळे होतो. सर्वात वर तात्पुरता 'ब्लॅक अँड व्हाइट' अ‍ॅडजस्टमेंट लेयर ठेव आणि रंग विसरून बघ. तिच्या केसांतला काळा रस्त्यावरच्या सर्वात गडद काळ्याशी जुळतो का? जुळत नसेल तर फक्त तिच्या लेयरला क्लिप केलेला कर्व्हज (उजेड-अंधार कमीजास्त करणारा लेयर) घे. मग वरचा लेयर बंद करून रंग बघ: खिडकीचा उजेड निळसर, दिव्यांचा पिवळा. पावलं दिसत असतील तर जिथे ती जमिनीला टेकतात तिथे अगदी अरुंद, गडद सावली हवी, ती नसेल तर माणूस तरंगतो. रस्त्याच्या फोटोत ग्रेन (बारीक दाणे) असेल तर तिच्यावरही तेवढाच घाल.

आणि क्षितिज तपास. तू तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढलास आणि रस्त्याचा फोटो गच्चीवरून असेल तर ते कुठल्याही सॉफ्टवेअरने जुळणार नाही. सरळ नवा फोटो काढ, वेळही वाचेल.

तिसरा_बाक
गिम्पबद्दल. मी घरी तेच वापरतो. लेयर, मास्क, कर्व्हज, ब्लेंड मोड सगळं आहे, नावं आणि जागा थोड्या वेगळ्या. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लेयरला जोडलेला ठेवून नंतर बदलताही येतो. समज एकदाच शिकायची असते. मात्र लॅबमधली पीएसडी (फोटोशॉपची) फाइल गिम्पमध्ये उघडून परत नेऊ नकोस, स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारे लेयर) वगैरे जसेच्या तसे राहत नाहीत. तीच फाइल पुढे चालू ठेवायची असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी बघ, त्यात अ‍ॅडजस्टमेंट लेयरही आहेत. जड फाइलला मशीन दमतं, एवढं धरून चाल.

शाईचा_डाग
पोस्टर छापणार असशील तर आकार आत्ताच ठरव. ए३ साठी ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. लहान फाइल शेवटी ताणली की आधी केसच बिघडतात. आणि मराठी मजकुरात वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षरं तुटली तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवड. फाँट युनिकोडच हवा.

रेघोटी
ताई, तुम्ही म्हणालात तसं काळं-पांढरं करून पाहिलं आणि लगेच कळलं! तिचे केस रस्त्यापेक्षा कितीतरी फिके होते. कर्व्हजने बरंच जुळलं. आता दुसरं दिसतंय: खिडकी तिच्या डावीकडे होती, रस्त्याचे दिवे उजवीकडे आहेत. तिला आडवं फ्लिप केलं तर चालेल का? लबाडी वाटते.

कडेची_रेष
लबाडी कसली, आम्ही नेहमी करतो. पण माणसापेक्षा रस्ता फ्लिप करणं बरं. चेहरा उलटला की ओळखीच्या माणसाला काहीतरी खटकतं, भांग दुसऱ्या बाजूला जातो, घड्याळ दुसऱ्या हातात. रस्त्यावर पाट्या किंवा गाड्यांचे नंबर नसतील तर तोच फिरव. पाट्या असतील तर मैत्रिणीला उद्या संध्याकाळी खिडकीच्या दुसऱ्या अंगाला उभं कर.