लँडलाइनची खरखर आणि विजांचा त्रास

देवरुखकर:
मंडळी, घरात मोबाइलला रेंज नाही म्हणून आईसाठी लँडलाइन अजून ठेवलीय. पाऊस लागला की खरखर, गुणगुण तर बारमाही. परतीच्या पावसात विजा कडाडल्या तेव्हा कॉर्डलेसचा बेस आणि मॉडेम दोन्ही जळाले. वायरमन म्हणतो, फोनसाठी परसात वेगळा अर्थिंग रॉड ठोकू. ठोकू द्यावा का?

खांबावरचा:
अजिबात नको. बेसला दोन वायरी येतात, एक लाइटची, एक फोनची. जवळपास वीज पडली की दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो तुमच्या बेसमधूनच वाट काढतो. फोनचं अर्थिंग मीटरजवळच्या अर्थिंगलाच जोडा. वायर आखूड, सरळ. उरलेल्या वायरीची वेटोळी करून टांगायची हौस नको.

वायर घरात शिरते तिथेच गॅस ट्यूबचा प्रोटेक्टर लावा, २३० व्होल्टचा; त्याहून जास्त व्होल्ट आले की तो ते अर्थिंगमध्ये सोडतो. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी, घंटीला ७५च्या आसपास एसी, त्याला ट्यूब हलत नाही. पण अर्थिंगच धड नसेल तर ती नुसती शोभेची.

आता आवाज. पावसातली खरखर म्हणजे बहुतेक जोडात पाणी. खांबापासून घरापर्यंतच्या ड्रॉप वायरीला कुठे काळी टेप दिसते का बघा. सोडलीत तर आत तांब्यावर हिरवा थर असणार. परत टेप गुंडाळू नका, अखंड वायर ओढून घ्या. गुणगुण मात्र वेगळं दुखणं. सगळं काढून साधा वायरवाला फोन थेट रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटला लावा. गेली तर ॲडॅप्टर तपासा. राहिली तर एक तार कुठेतरी ओल्या भिंतीला अर्थ होतेय, नाहीतर वायर लाइटच्या पट्टीतून नेलीय.

मीनल_पुणे:
मॉडेम त्याच लाइनवर असेल तर फोनच्या आधी फिल्टर हवाच, नाहीतर सूं सूं येते.

देवरुखकर:
पट्टी उघडली. फोनची वायर ट्यूबलाइटच्या वायरीला चिकटून थेट माजघरापर्यंत! वेगळी काढून घेतो. आई म्हणते, विजा चमकायला लागल्या की मी पिन काढतेच.

खांबावरचा:
आईंना सांगा, चमकायला लागल्यावर हात लावायचा नाही, आभाळ भरून आलं की आधीच काढायची. पिना दोन्ही, फोनचीही आणि ॲडॅप्टरचीही. घरावरच वीज पडली तर प्रोटेक्टरचं काही चालत नाही. आणि काढलेली पिन रोझेटपासून चांगली हातभर लांब ठेवा, तिथेच लोंबकळत नको.