हक्क ‘देतात’, ‘मिळवतात’ की ‘बजावतात’?

पंचवटीकर : मुलगी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर लिहीत होती. तिचं वाक्य : ‘अस्पृश्यांना मंदिरप्रवेशाचा अधिकार देण्यासाठी सत्याग्रह झाला.’ ‘देण्यासाठी’पाशी मी अडखळले. देणारं कोण होतं? २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांसोबत हजारो लोक आले, तेव्हा देवळाची दारं लावून घेतली होती. इथे योग्य क्रियापद कोणतं? आणि अधिकार म्हणावं की हक्क?

गोदाकाठ : हक्क. ‘अधिकार’ला पात्रतेचा वास आहे : अधिकारी पुरुष, अधिकारवाणी. ‘तुला वेदांचा अधिकार नाही’ हे वाक्य याच शब्दानं शतकानुशतकं सुनावलं गेलं. ज्या शब्दानं माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच शब्दात त्याचा सत्याग्रह सांगू नये असं मला मनापासून वाटतं. ‘हक्क’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ सत्य, न्याय्य असाही आहे. संविधानाच्या मराठी प्रतीतही ‘मूलभूत हक्क’च आहे. (‘माहितीचा अधिकार’ रूढ झालाय, त्याला इलाज नाही.)

क्रियापद मात्र ‘बजावणे’. मतदानाचा हक्क आपण बजावतो, कर्तव्यही बजावतो. शिवाय बजावणे म्हणजे ठासून सांगणेही. चारचौघांना ऐकू जाईल असं करणे.

जुनी मोडी : ‘हक्क’ही सोवळा नाही. जुन्या कागदांत हक्क म्हणजे वतनदाराची, म्हणजे गावचं पिढीजात काम सांभाळणाऱ्याची प्राप्ती, ‘हक्कलाजिमा’. महारांचे ‘बावन्न हक्क’ सांगतात, तेही वतनाशीच बांधलेले, आणि त्यासोबत जन्माची राबणूक. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेब झगडले. म्हणजे शब्द तोच राहिला, पण जन्मावरून ठरणाऱ्या हक्कापासून केवळ माणूस म्हणून असलेल्या हक्कापर्यंत आला. हा पल्ला मला फार मोठा वाटतो.

‘बजावणे’बद्दल शंका आहे. १९३० मध्ये कायद्यानं तो हक्क होता कुठे? नसलेला बजावणार कसा? ‘मिळवण्यासाठी’ म्हणा.

सुरगाण्याची : मला ‘मिळवण्यासाठी’ पटत नाही. आमच्याकडचं उदाहरण बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘वनहक्कांची मान्यता’ आहे. जमीन आजोबांच्याही आधीपासून कसत होतो, हक्क होताच. सरकारनं तो मान्य करायचा होता. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लोक पायी गेले, त्यात वनहक्कांची मागणी होती. पायाला फोड आले तरी कोणी ‘द्या हो’ म्हणून चालत नव्हतं. आमचंच आहे, ते कागदावर घ्या, एवढंच म्हणणं होतं.

जुनी मोडी : ‘मान्य करायला लावणे’. हे मी विचारात घेतलं नव्हतं. माझा आक्षेप मागे.

पंचवटीकर : मुलीला तिघांचंही वाचून दाखवलं. तिनं लिहिलंय : ‘माणूस म्हणून असलेला हक्क मान्य करायला लावण्यासाठी लोक काळारामाच्या दारात बसले. हा लढा १९३५ पर्यंत चालला.’ आता ती विचारतेय, ‘मंदिर सर्वांना खुले झाले’ या वाक्यातला कर्ता कोण?