स्वीटवॉटरचा साप-मेळा पाहून आले. हा प्रकार थांबायला हवा

टेक्सासातल्या स्वीटवॉटर गावी दर मार्चमध्ये 'रॅटलस्नेक राउंडअप' भरतो, म्हणजे शेपटी खुळखुळवणारे विषारी साप धरून आणायचा मेळा. १९५८पासून तिथली जेसीज ही समाजसेवी संस्था तो भरवते. गाव दहा-अकरा हजार वस्तीचं, पण त्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. यंदा आम्ही गेलो होतो.

आत शिरताच आधी आवाज येतो. तागाच्या वाळलेल्या शेंगा मूठभर घेऊन हलवाव्यात तसा, पण न थांबणारा. एका हौदात सापांचा नुसता ढीग. दुसरीकडे विष काढतात, आणि त्यापुढे मुंडकं उडवून कातडं सोलतात. तिथेच सात-आठ वर्षांची एक मुलगी रक्तात हात बुडवून पांढऱ्या भिंतीवर पंजा उमटवत होती. भिंत अशा पंजांनी भरलेली. आई फोटो काढत होती. मला तिथे उभं राहवेना.

अंगणात आलेला साप मारणं मी समजू शकते. पण थंडीत कपारीत गोळा झालेले साप पेट्रोलच्या वाफेने बाहेर काढायचे आणि त्यांच्या मरणाची जत्रा करायची? २०१६ साली २४ हजार पौंडांहून जास्त साप आले होते, म्हणजे जवळजवळ ११ टन!

माळकरी_अबिलीन: ताई, तुम्ही एक दुपार पाहिलीत, मी स्वीटवॉटरपासून चाळीस मैलांवर एकोणीस वर्षं राहतोय. आमच्या कुत्र्याला मागच्या अंगणातच दंश झाला, कसाबसा वाचला. रँचवाल्यांना हे रोजचंच. वेस्टर्न डायमंडबॅक, म्हणजे इथला रॅटलस्नेक, काही नामशेष होत चाललेला नाही. मेळ्याच्या पैशातून गावात मदतीची कामं होतात, मोटेलवाल्यांचा हंगाम होतो. कोंबडी आपण खातोच ना?

धागाकर्ती: खाते. मासेही घरी साफ करते. पण त्या रक्ताने लेकराला भिंत रंगवायला लावत नाही. माझं दुखणं तिथे आहे.

शिराळ्याची_लेक: माझं माहेर बत्तीस शिराळा. नागपंचमीला आमच्याकडे जिवंत नाग धरायचे. आजोबा मडक्यात जपून ठेवायचे आणि सण झाला की जिथला तिथे सोडून यायचे. तरी उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते बंद झालं. बाहेरच्यांनी येऊन 'तुमचा सण क्रूर' म्हटलं की काय वाटतं ते मी घरात पाहिलंय. म्हणून स्वीटवॉटरच्या लोकांना विचारल्याशिवाय बंदी नको. पण माझे आजोबा हे सोलणं बघून रडले असते, हेही खरं.

वारूळ: विष काढायला साप मारावा लागत नाही. तमिळनाडूत इरुळ आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था हेच करते: साप धरतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडतात. आणि माळकरी, पेट्रोल साप बघून आत शिरत नाही. त्याच बिळात बेडूक, सरडे, किडे असतात, त्यांचाही जीव जातो. जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावाने २०१२ साली असाच राउंडअप सोडून वन्यजीवांचा मेळा सुरू केला. साप आजही दाखवतात, मारत मात्र नाहीत.

माळकरी_अबिलीन: पेट्रोलचं मान्य. ते उद्या बंद झालं तरी माझी हरकत नाही, आणि हे मी इथल्या ओळखीच्यांशी बोलेन. बाकी मेळा माझ्या शेजाऱ्यांचा आहे. पुढच्या मार्चमध्येही मी जाणार.