ऑर्थोला (हाडांच्या सर्जरीला) जाणाऱ्या इंटर्न मुलांना ॲनाटॉमी (शरीररचना) परत शिकवायचीय, कशी शिकवू? (ठाणे / नवी मुंबई)

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार. मी ॲनाटॉमी शिकवते, फर्स्ट इयरला. यंदा सात मुलं माझ्याकडे आली, इंटर्नशिप संपत आलीय, सगळ्यांना ऑर्थोच करायचंय, म्हणाली मॅडम रेसिडेन्सी लागायच्या आधी एकदा हातापायाची ॲनाटॉमी परत करून द्या. मला इतकं बरं वाटलं, कारण फर्स्ट इयर सुटलं की आमच्या डिपार्टमेंटकडे कोणी फिरकत नाही. पहिला रविवार नेहमीसारखा घेतला, तक्त्याप्रमाणे प्रत्येक स्नायूचं ओरिजिन, इन्सर्शन (कुठून निघतो, कुठे चिकटतो), नर्व्ह सप्लाय, ॲक्शन. सगळ्यांना पाठ होतं. मग एकाला म्हटलं रेडियल नर्व्ह कुठे असते, तो लगेच म्हणाला स्पायरल ग्रूव्ह (दंडाच्या हाडाची मागची खाच), म्हटलं बरं, आता शेजारच्याच्या दंडावर बोट ठेवून दाखव, तर बोट गेलं समोर बायसेप्सवर. त्या दिवसापासून हेच डोक्यात घोळतंय. मी सर्जन नाहीये, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेमकं काय लागतं ते मला आतून माहीत नाही. रविवारी डिसेक्शन हॉल मिळत नाही, घरी हाडांचा एक सेट आहे आणि हॉलमध्ये बसायला जागा आहे. काय घेऊ, कुठून सुरू करू?

घोडबंदर_ऑर्थो
मॅडम, आधी मनापासून धन्यवाद, आमच्या वेळी असं कोणी घेतलं असतं तर फार फरक पडला असता. माझा सल्ला एकच, तक्त्याच्या क्रमाने जाऊ नका, सुरीच्या क्रमाने जा. कातडी, मग फॅशिया (स्नायूंवरचं आवरण), मग कुठल्या दोन स्नायूंमधून आत शिरायचं, वाटेत काय आडवं येतं, आणि शेवटी हाड. खांद्याचा डेल्टोपेक्टोरल, म्हणजे पुढून आत शिरायची वाट, घ्या पहिला. सेफॅलिक व्हेन दिसली की वाट सापडली, एका बाजूला डेल्टॉइड, त्याची नर्व्ह ॲक्झिलरी, दुसऱ्या बाजूला पेक्टोरॅलिस मेजर, त्याच्या पेक्टोरल नर्व्ह, म्हणजे मधून गेलं तर दोघांनाही धक्का नाही. आणि हेच डेल्टॉइड चिरून गेलं तर ॲक्झिलरी नर्व्ह अक्रोमियनपासून (खांद्याच्या टोकाच्या हाडापासून) साधारण ५ ते ७ सेंमी खाली आडवी जाते, हे अंतर मुलांना पट्टीने एकमेकांच्या खांद्यावर मोजायला लावा, मार्करने रेघ मारायला लावा. तुमच्या त्या मुलाला पण तसंच. लॅटरल एपिकाँडाइलपासून (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यापासून) साधारण १० सेंमी वर खूण करायची, तिथे रेडियल नर्व्ह मागून सेप्टम (स्नायूंमधला पडदा) फोडून पुढे येते. त्याच्या वर ती मागेच असते. एकदा स्वतःच्या हाताने मोजलं की विसरत नाही माणूस.

अजून एक, ओटीपुरतं ठेवू नका, वॉर्डमध्ये पण ॲनाटॉमी लागते. मी फर्स्ट इयर रेसिडेंट असताना रात्री एकाला पायाचं प्लॅस्टर घातलं, फिब्युलाच्या नेकजवळ (गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला) कापूस कमी पडला. सकाळी त्याला पाऊल वर उचलता येईना. कॉमन पेरोनियल नर्व्ह तिथे कातडीखालीच हाडाला चिकटून असते, मला हे परीक्षेत लिहिता आलं होतं, रात्री दोन वाजता आठवलं नाही. प्लॅस्टर लगेच कापलं, त्याला हळूहळू जमायला लागलं, पण ते दोन महिने मी विसरलेलो नाही. सातही मुलांना ती नर्व्ह स्वतःच्या पायावर बोटाने चाचपायला लावा प्लीज.

कळवा_रेसिडेंट
सेकंड इयरला आहे. दोन गोष्टी सांगतो ताई. एक म्हणजे हाड आणि एक्सरे शेजारी ठेवा. फीमर (मांडीचं हाड) टेबलावर ठेवलं की डोकं टेबलापासून वर उचललेलं दिसतं ना, ती अँटीव्हर्जन, म्हणून तर पेल्व्हिसच्या एक्सरेला पाय साधारण १५ डिग्री आत वळवतात, नाहीतर नेक (डोक्याखालची मान) आखूड दिसते आणि फ्रॅक्चर निसटतं. हे मला कोणी हाड हातात देऊन दाखवलं नव्हतं, मी नुसतं पाठ केलेलं.

दुसरं, खाटकाला आदल्या दिवशी सांगून बोकडाचा अख्खा पाय आणा, स्नायूंसकट. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं ड्रिल चालतं. पहिला कॉर्टेक्स (हाडाचा कडक थर), मधे पोकळ, मग दुसरा कॉर्टेक्स, तो सुटला की तिथेच हात थांबला पाहिजे, कारण पलीकडे आर्टरी असू शकते. टेंडन शिवायला पण तोच पाय.

वाशी_शिक्षिका
मी पण ॲनाटॉमीचीच. तक्ते एकदम सोडू नका हं, दोन नर्व्हच्या मधून जायचं म्हणजे कुठल्या स्नायूला कुठली नर्व्ह हे आधी पक्कं हवं. क्रम बदला, इतकंच. आणि फॉर्मलिनमधली बॉडी ताठ असते, त्यात फोरआर्म फिरवून दाखवता येत नाही, त्यामुळे जिवंत हातावर शिकवताय ते उलट चांगलंच आहे. हेन्री अप्रोच (फोरआर्मच्या पुढून आत शिरायची वाट) घ्या, तळवा वर केला की सुपिनेटर स्नायूमधली पोस्टेरियर इंटरऑसियस नर्व्ह बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून हात तसा ठेवतात. मुलांना कारण कळलं की डोळे चमकतात, मी बघितलंय.

ऐरोली_सेक्टर८
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. घोडबंदर सर, हिपचं पोस्टेरियर (मागून शिरायची वाट) घेऊ का, की फार होईल?

घोडबंदर_ऑर्थो
घ्याच, पण खांदा आणि फोरआर्म झाल्यावर. सायटिक नर्व्ह बहुतेकांत पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून बाहेर येते. शॉर्ट रोटेटर (हिप फिरवणारे छोटे स्नायू) हाडाजवळ कापून मागे उलटवले की नर्व्हवर पांघरूण पडतं, हे कापडाच्या पट्ट्या बांधून सेटवर दाखवता येईल. आणि क्वाड्रेटस फीमोरिस स्नायूपाशी थांबून मीडियल सर्कमफ्लेक्स आर्टरी सांगा, फीमरच्या डोक्याला मुख्य रक्त तिचंच, नेकच्या फ्रॅक्चरनंतर डोकं का मरतं ते तिथेच कळतं.

ऐरोली_सेक्टर८
ठरलं मग, ह्या रविवारी खांदा, पट्टी आणि मार्कर. त्याच मुलाला परत रेडियल नर्व्ह दाखवायला सांगणार आहे. कळवा, तुला सुट्टी असेल तर पुढच्या रविवारी येशील का? पाय मी आणते, ड्रिल धरायला मात्र तू हवास.

कळवा_रेसिडेंट
शनिवारी नाइट आहे ताई, तरी येतो. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर लोकल पकडतो. अकरापर्यंत पोचेन.