डायकास्ट म्हणून घेतलं आणि अर्धं प्लास्टिक निघालं, हे नॉर्मल आहे का?

नवा_पायलट:
नमस्कार मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची मॉडेल जमवायला नुकतीच सुरुवात केलीय, सगळी 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान. आता स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान घेतलं, बॉक्सवर ठळक अक्षरात डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, असं लिहिलंय आणि हातात घेऊन बघतो तर प्रोपेलर प्लास्टिक, चाकांचे दांडे प्लास्टिक, शेपटीचे आडवे पंख पण नखाने वाजवले तर प्लास्टिकच वाटतायत. वजनही मनासारखं नाही. आणि दुसरीकडे एक बरंच जुनं स्पिटफायर सेकंडहँड मिळतंय, विकणारा म्हणतो बॅटल ऑफ ब्रिटनचं आहे आणि अख्खं मेटल. मग नवीनवाले काटकसर करतायत का? जुनं घेऊ का? आणि चाकं बाहेर काढून ठेवू की स्टँडवर उडतं, तेपण सांगा, शोकेस लहान आहे.

रिव्हेट_मोज्या:
वजनावर जाऊ नका राव. वितळलेला धातू साच्यात दाबून भरायचा तर भिंतीला थोडी जाडी ठेवावीच लागते, नाहीतर तो टोकापर्यंत पोचायच्या आधीच थिजतो. आता हिशोब करा, पंखाची मागची कड 0.8 मिमी निघाली तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ 6 सेंमी होते, आणि खऱ्या स्पिटफायरची ती कड अगदी धारदार. तेच पॅनल लाइनचं, म्हणजे पत्र्यांच्या जोडावरच्या रेघेचं, 0.3 मिमीची रेघ म्हणजे खऱ्यावर 2 सेंमीहून रुंद चर, अशा विमानात कोण बसेल! म्हणून पातळ, नाजूक पार्ट प्लास्टिकचे करतात, आणि मला तर तेच बरोबर वाटतं. अख्ख्या मेटलची काही मॉडेल बघा, पंख जिथे धडाला जोडलाय तिथे ही फट दिसते, रंग देऊनही लपत नाही.

जडशीळ:
मोज्याभाऊंचं गणित मान्य, पण हातात जड लागल्याशिवाय मजाच नाही. प्लास्टिकच पाहिजे असेल तर किट आणून स्वतः चिकटवीन की, रंग पण माझ्या मनाचा. धड आणि पंख मेटल असले की माझं समाधान, बाकी काय ते करा.

जस्तवाला:
जुनं घेताना जपून हां. डायकास्ट म्हणजे बहुतेक वेळा जस्ताचा मिश्रधातू, झमाक म्हणतात तो, साधारण 4 टक्के अॅल्युमिनियम असतं आणि 380-390 अंशांना वितळतो म्हणून साच्यासाठी सोयीचा. पण ओतताना त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम थोडं जरी मिसळलं असेल तर धातू आतून कणाकणाने सुटत जातो. त्याला झिंक पेस्ट म्हणतात, हे पेस्ट म्हणजे इंग्रजीतली कीड (pest), लेप नव्हे. युद्धाआधीची डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडची विमानं यासाठी बदनामच आहेत. आधी रंगावर बारीक फोड, मग तडे, मग पंख फुगतो किंवा वाकडा होतो आणि एक दिवस उचलायला जाल तर तुकडाच हातात. दमट हवेत आणि उष्णतेत वेग वाढतो. यावर औषध नाही. बरं, एकाचं शेजारच्याला लागतं असं काही जण छातीठोक सांगतात, ते खोटं, दोष ज्याच्या त्याच्या धातूतच असतो.

नवा_पायलट:
बापरे. फोटो मागवले, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला केसाएवढी रेघ दिसतेय. आणि पंखांखाली काळे-पांढरे पट्टे आहेत, दिसायला भारी.

जस्तवाला:
रेघ कडेकडेने सरळ जात असेल तर ती साच्याच्या दोन भागांची जोडरेघ, तिला घाबरू नका. वेडीवाकडी असेल, तिला फाटे फुटले असतील, रंग उचललेला दिसत असेल तर सोडा. दोन्ही पंख समोरून एकाच फोटोत मागवा, एकाचं टोक जरा जास्त वर किंवा खाली असेल तर कळेलच.

शेपटीवरचा_नंबर:
थांबा थांबा, पट्टे असतील तर बॅटल ऑफ ब्रिटन कसं? ती लढाई 1940 ची आणि हे पट्टे जून 1944 चे, दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरताना आपल्याच लोकांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून घाईघाईत ब्रशने फासलेले. तीन पांढरे, दोन काळे, एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येकी 18 इंच, म्हणजे 1:72 वर 6 मिमीच्या जरा वर, पट्टी लावून मोजता येतं. प्रोपेलरची पाती पण मोजा. 1940 च्या मार्क वन या स्पिटफायरच्या आवृत्तीला तीन, नंतरच्या मार्क नाइनला चार. चार पाती आणि खाली पट्टे असतील तर मॉडेल चुकीचं नाही, विकणाराच चुकीचं सांगतोय. मार्क नाइन म्हणून आवडत असेल तर खुशाल विचार करा.

रिव्हेट_मोज्या:
शोकेसचं राहिलंच. स्पिटफायर पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत साडेपंधरा सेंमी, त्याची चिंता नाही, पण पुढेमागे बी-17 हे मोठं बॉम्बर विमान घ्यायची हौस आली तर ते 44 सेंमी भरतं, कप्पा आत्ताच मोजून ठेवा. जड विमान वर्षानुवर्षं चाकांवर उभं ठेवू नका, प्लास्टिकचे दांडे हळूहळू फाकतात, आणि मऊ टायर प्लास्टिकच्या बेसवर टेकून राहिले तर बेसवर डाग पडतो, कधीकधी चिकटतातही. मी स्टँडवाला आहे, चाकं आत, कॅनपी (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) बंद. आणि ऊन लागणार नाही असा कोपरा बघा, पारदर्शक पार्ट पिवळे पडायला लागतात.

जडशीळ:
स्टँडवर ठेवताना भोक कुठे आहे ते आधी बघ रे, जबरदस्ती ढकललंस तर पोटाचा रंग उडतो.